शेंडेफळाचा सिग्नल

"या वायरींच्या गुंत्यातून माणसानं चालायचं कसं? एक दिवस मी आडवी होईन, मग बसा गाड्या हाकत," असं पुटपुटत आजी वाटाण्याच्या शेंगांची परात घेऊन आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. वायरी नव्या होत्या. त्या दिवशी घरात नवा पाहुणा आला होता.

मित्रांनो, मी तिथेच होतो, कपाटाच्या फळीवर, तडा गेलेल्या डबीत. मी एक जुना गेम आहे, रेल्वे चालवण्याचा. सीडीवर राहतो. माझ्या पाठोपाठ माझे आणखी सहा भाग निघाले, म्हणजे आम्ही सात भावंडं आणि मी थोरला. नवा पाहुणा म्हणजे आमचं शेंडेफळ, सातवा भाग. शेंडेफळाचे लाड कसे होतात, ते तुमच्यात जे थोरले असतील त्यांना सांगायला नको.

माझा जन्म एका गोदामावरच्या छोट्या कचेरीत झाला. मला घडवणारी पोरं हौशी होती. रुळांचा खडखडाट त्यांनी खणातले चमचे हलवून तयार केला. माझ्यातली झाडं सगळी सारखी, कारण एकच झाड त्यांनी पुन्हा पुन्हा लावलं. फलाटावर छत्री घेऊन एक माणूस उभा आहे, तो आजतागायत गाडीत चढलेला नाही. पण माझे सिग्नल प्रत्येक फेरीला बदलतात. कुठे हिरवा लागेल, कुठे लाल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्याचा मला फार अभिमान.

आजोबांनी उभा जन्म खऱ्या गाड्या चालवल्या. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या लेकीने मला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांच्या कामाचा एक नियम होता. सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि त्याचा सहायक, दोघांनीही हात पुढे करून त्याचा रंग मोठ्याने बोलायचा. एकाने "हिरवा" म्हटलं, तरी दुसऱ्याने स्वतः पाहिल्याशिवाय "हिरवा" म्हणायचं नाही. ऐकीव रंग चालत नाही. आता घरात सहायक आणायचा कुठून? ती नेमणूक आजींच्या गळ्यात पडली.

"पिवळा," आजी शेंगा सोलता सोलता म्हणायच्या.

"पिवळा," म्हणत आजोबा हात पुढे करायचे.

दोघांचं वाजलं की बोलणं बंद व्हायचं, पण सिग्नल तेवढे बोलले जायचे. "याच्यासारखा ब्रेक कशाला नाही," असं आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि मी डबीत फुगायचो. मधली भावंडं इतरांच्या घरी नांदली. या घरात मी एकटा, लाडका.

आणि आता हे शेंडेफळ. त्याला सीडीसुद्धा लागली नाही, वायरीतून आयतं आलं. त्याच्या झाडांना वेगवेगळी पानं. त्याच्या काचेवर धूळ बसते, ती पुसायला वायपर फिरतो. प्रवासी चढतात, उतरतात, एक बाई तर खिडकीशी बसून जांभई देते. माझ्या छत्रीवाल्याला साधं चढता येत नाही आणि याच्याकडे जांभई. मी आतल्या आत जळत होतो.

आजोबांनी गाडी सोडली. आजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, तू नको सांगूस. यात सगळं लख्ख दिसतं."

आजी पुन्हा शेंगांकडे वळल्या. पहिलाच लाल सिग्नल आला आणि आजोबांची गाडी थेट त्याच्या पलीकडे गेली. पडदा काळा झाला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

"उजेडच धड नाही यात," आजोबा म्हणाले. लेकीने उजेड वाढवला. आजोबांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, नाक पडद्याला टेकायचं बाकी राहिलं. गाडी पुन्हा लाल ओलांडून गेली.

"काढ गं तो जुना."

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. जांभई देणाऱ्या बाईकडे मी पाहिलंसुद्धा नाही. मी फिरू लागलो, आजी रंग सांगू लागल्या, आणि आजोबांनी गाडी फलाटावर अशी लावली की छत्रीवाल्याने फक्त पाय उचलायचा.

लेकीने सुस्कारा सोडला. "म्हणजे नव्यातच खोट आहे. मला मेलीला भलतीच शंका येत होती." कसली शंका, ते कुणी विचारलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय निघाला की या घरात सगळ्यांना एकदम कामं आठवतात. "मग बाबा, सोमवारपासून चिमणीला स्कूटरवर शाळेत सोडाल ना? माझी कामाची वेळ बदलली आहे."

"सोडेन की. एवढ्या गाड्या हाकल्या, स्कूटरचं काय घेऊन बसलीस? नातीला पुढे उभी करून नेईन."

आजींच्या हातातली शेंग अर्धवट सोललेली राहिली.

पुढची फेरी सुरू झाली. पुलानंतर मी हिरवा सिग्नल दिला. मीच दिला, म्हणून ठाम सांगतो.

"लाल," आजी म्हणाल्या.

"लाल," आजोबांनी हात पुढे केला आणि ब्रेक ओढला. हिरव्या सिग्नलसमोर गाडी उभी राहिली.

"बाबा, हिरवा आहे," लेक हळूच म्हणाली.

"तुझी आई लाल म्हणाली."

"मी म्हणाले," आजींनी परात खाली ठेवली. "तुम्ही काय पाहिलंत?"

तेव्हा कुठे मला कळलं. आजोबा माझ्यासाठी परत आलेच नव्हते. ते आजींच्या आवाजाकडे परत आले होते. जळायचंच होतं, तर मी आजींवर जळायला हवं होतं.

मित्रांनो, मला चरे पाडू नका, डबीत नीट ठेवा, एवढंच सांगायला मी बसलो होतो. आता आणखी एक सांगतो. तुमच्या शेजारी बसून कुणी खेळत असेल, तर कधीतरी पडद्यावरची नजर काढून त्या माणसाकडे पाहा.

आजी वाट पाहत होत्या. चमच्यांचा खडखडाटही थांबला होता. आजोबांनी नियमाप्रमाणे पुन्हा हात पुढे केला, तो पडद्याच्या जरा बाजूलाच गेला.

"दिसत नाही," ते म्हणाले. "मला सिग्नल दिसत नाही गं. बरेच दिवस झाले."