बिनदगडाची गोफण

मी गोफण. वडूजकडच्या एका घरात खुंटीला असते, आणि आज बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

धुळा मेंढक्यानं मला लोकरीच्या दोराची विणली आणि आकारामच्या हातात दिली. तेव्हा शिवारात जिकडं तिकडं शाळू असायचा. कणसात दाणा भरला की आकाराम राखणीच्या माळ्यावर चढायचा, माझ्या पोटात दगड घालून मला गरगर फिरवायचा. माझा फटकारा ऐकूनच पाखरांचा थवा भर्रकन उडायचा. काय तोरा होता माझा!

पण खरं सांगू? हाकलता हाकलता आम्हाला त्यांचा लळाच लागला. उजाडताना चंडोल गात गात सरळ वर चढायचा, दिसेनासा झाला तरी गाणं चालूच. दुपारभर होला घुमायचा, 'घूघू घू, घूघू घू'. माणूस दिसलं की टिटवी बोंब ठोकायची. राघू तर भांडत यायचे आणि भांडतच जायचे. आकाराम माळ्यावरनं ओरडायचा, "शिव्या कुणाला देतोस रं? रान माझ्या बापाचं हाय!"

भाकरी घेऊन आलेली त्याची बायको अंजना म्हणायची, "आवं, माझ्याशी कवा एवढं बोलत न्हाई तुमी!"

पुढं कालव्याचं पाणी आलं आणि रानात ऊस आला. उसात दाणा कुठला? पाखरं गेली, मी खुंटीला लागले. मांजरानं माझं एक टोकही कुरतडलं.

गेल्या वर्षी आकारामची नजर गेली. तो अंगणात बाजेवर कान लावून पडायचा. "पाखरं मेली का गं समदी? एकदा चंडोल ऐकला, की डोळं मिटतो बघ."

अंजनाला ते सोसवेना. पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या मुलाला, मानसिंगला, तिनं घरामागं थोडा शाळू पेरायला लावला. पोरानं पेरला झकास! आणि कणसं भरताच पाखरं येऊ नयेत म्हणून वरनं चमकत्या फिती ताणल्या. एक चिमणी फिरकेना.

"आरं येड्या, पाखरांसाठीच पेरलाय न्हवं!" म्हणत अंजनानं स्वतः फिती ओढून काढल्या.

आज सकाळी बाज बांधाला नेली. अंजनानं मला आकारामच्या हातात दिलं. चिमण्यांचा चिवचिवाट ऐकून म्हातारा रडायलाच लागला. तेवढ्यात राघू कलकलत आले आणि जुनी सवय, दुसरं काय! मला उगारून तो ओरडला, "हाऽऽ हुर्र्या!"

सगळं रान गप्प झालं. आकारामचं तोंड एवढंसं झालं.

"गेली का गं?"

"जातील न्हाई तर काय! जल्मभर तेवढंच शिकलाय तुमी."

मला कधी नव्हे ती माझी लाज वाटली. मग बाभळीतनं होला हळूच घुमला. चिमण्या उतरल्या. मागनं राघूही भांडत आले. आकाराम हसला, "दे बाबा, शिव्या दे. रान तुझ्याच बापाचं हाय."

चंडोल मात्र आला नाही. अंजना म्हणाली, "लय बेस झालं. त्यो येईस्तवर तुमाला कुठं जाता येत न्हाई."

आता मी पुन्हा खुंटीला आहे. चंडोला, जल्मभर तुम्हा सगळ्यांना हाकललं, आज एकच विनवणी करते. ये, पण जरा उशिरानं ये.