मास्तर हात खाली का सोडतात?

मी ऑपेराच्या थिएटरात प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोका असतो, त्यात बसून गायकांना पुढच्या ओळीचा पहिला शब्द आधीच पुरवायचा, हे माझं काम. तोंड गायकांकडे, पाठ वाद्यवृंदाकडे. म्हणून समोर एक छोटा आरसा लावलेला असतो, त्यात वाद्यवृंदाचे मास्तर दिसतात. प्रेक्षकांना मास्तरांची फक्त पाठ दिसते. मला चेहरा दिसतो. एवढ्या तुटपुंज्या पगारात हा एक फायदा.

मास्तर एर्मेते ग्वालान्द्री यांचं इटलीतल्या आमच्या बोर्गोसालो गावात परत यायचं ठरलं, तेव्हा गावात एकच विषय होता. त्यांच्या लाडक्या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात बंदिवानांचा कोरस, म्हणजे समूहगान, सुरू व्हायच्या क्षणी मास्तर हात खाली सोडतात, ताल द्यायची छडी मांडीला टेकवतात आणि स्वस्थ उभे राहतात. व्हिएन्नात केलं, लंडनमध्ये केलं, सगळीकडे केलं. का करतात, ते कुणालाच ठाऊक नाही. विद्वानांनी त्यावर लेख लिहिले. वरच्या स्वस्त बाकांवरून शिट्ट्या मारणाऱ्या आमच्या गॅलरीचा पुढारी अल्चीदे, म्हणजे चौकातला चीजवाला, त्याचं म्हणणं की म्हाताऱ्याचा खांदा दुखतो. न्हाव्याच्या मते कसला तरी नवस होता.

मला राहवत नव्हतं. चौकसपणा हा माझा जन्माचा रोग आहे.

तालमींना मास्तर आले आणि माझी निराशाच झाली. त्या जागेवर ते इतर कुणाहीसारखे नीट इशारा द्यायचे. हात खाली नाही, काही नाही. शेवटी एका दुपारी खाणावळीत मी सरळ त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. ते रश्श्यातले तोर्तेल्लीनी, सारण भरलेल्या कणकेच्या छोट्या पुड्या, खात होते, अगदी आमच्या गावच्या पद्धतीने, वाटीत थोडी लाल वाइन ओतून. व्हिएन्नातली इतकी वर्षं त्यांच्या जिभेला काही बिघडवू शकली नव्हती. मी विचारलं. आधी हसले, मग वाटी बाजूला सारली.

त्यांचे वडील अन्सेल्मो हॅमच्या कारखान्यात डुकराच्या मांड्यांना मीठ चोळायचे आणि संध्याकाळी आमच्या कोरसमध्ये खालच्या पट्टीत गायचे. तेव्हाच्या कोरसमध्ये अर्ध्याअधिकांना सुरांची लिपी वाचता येत नसे. सगळं कानाने पाठ. त्यामुळे सुरुवात चुकू नये म्हणून एकजण मोठ्याने श्वास ओढायचा आणि बाकीचे त्या श्वासावर उडी घ्यायचे. तो एकजण म्हणजे अन्सेल्मो. त्यांचा हा पोरगा पियानोवर साथ करत करत, मग पडद्यामागच्या बँडला ताल देत देत वर चढला, आणि एक दिवस त्याच थिएटरात मुख्य मास्तर म्हणून उभा राहिला.

"पहिलाच प्रयोग," ते म्हणाले. "बंदिवानांच्या कोरसआधीच टेनर गायकाचा सूर घसरला आणि गॅलरीने शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. तुम्हाला सांगतो झेलिंदाबाई, माझा हात लाकडासारखा झाला. खाली गेला तो वर येईना. आता संपलो, असं वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून बाबांचा श्वास ऐकू आला. खारवलेली अख्खी मांडी खांद्यावर घेताना ओढायचे ना, तसा. आणि अख्खा कोरस गाऊ लागला. गॅलरी गप्प. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, काय हे धाडस!"

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून दरवेळी हात सोडतो. कुठे तसा श्वास ऐकू येतो का ते बघतो. तिकडचे कोरस शिस्तीचे. मनात मात्रा मोजून बरोबर सुरू होतात, पण आवाज न करता. म्हटलं, निवृत्त होण्याआधी एकदा आपल्या गावात ऐकून जाऊ."

आमचा नवा कोरसमास्तर तिबेरियो हुशार पोरगा, मेहनतीही. त्याने दोन हिवाळे खपून आमच्या मंडळींची ती जुनी खोड मोडली होती. आता सगळे शिकलेले, सगळे नि:शब्द श्वास घेणारे आणि इशाऱ्यासाठी छडीकडे डोळे लावून बसणारे. मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं की इथलाही श्वास आता गेलाय. तुम्ही हात सोडलात तर कोरस सुरूच होणार नाही, आणि आपली गॅलरी शेवटच्या प्रयोगालाही दयामाया दाखवत नाही. त्यांनी मान डोलावली. वाटी पुढे ओढली आणि गार झालेला रस्सा संपवला.

रविवारी दुपारचा प्रयोग. दुसरा अंक. बंदिवान पुढे आले. मी आरशात पाहिलं. मास्तरांचा हात वर होता, म्हणून मला हायसं वाटलं. मग तो सावकाश खाली गेला. त्यांनी डोळे मिटले.

समोर कोरस. सगळ्यांची नजर छडीवर, आणि छडी मांडीला. पहिल्या रांगेतल्या बाईचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. तिबेरियो पडद्याआड पांढराफटक. वर गॅलरीत कुणीतरी घसा खाकरला. शिट्टीच्या आधी ते असेच खाकरतात. आरशात तो म्हातारा चेहरा नुसता वाट बघत होता. मला त्याची इतकी दया आली की रागच आला.

प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांपर्यंत जाणं म्हणजे आमच्यात महापाप. मी तोंड उघडलं आणि बरगड्या दुखेपर्यंत श्वास आत ओढला. घरघर झाली. तोल गेलेल्या माणसाने हाताला लागेल ते धरावं तसा अख्ख्या कोरसने तो धरला, आणि सूर उठला. काय उठला!

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. ओली झालेली पापणी मात्र मला दिसली.

प्रयोगानंतर मागच्या बोळात गर्दी झाली. तिबेरियो माझ्याशी बोलायला तयार नव्हता, आणि त्याचं चुकत होतं असंही नाही. तेवढ्यात गॅलरीतून अल्चीदे जिना उतरून आला, तो थेट माझ्याकडे.

"काय गं झेलिंदा, दमा लागला का तुला? वर कौलांपर्यंत ऐकू आलं. लाज आणलीस थिएटरला."

मी काही बोलणार, त्याआधी मागून मास्तर आले. गळ्यातला रुमाल सोडत ते म्हणाले,

"तिला नको बोलूस. आमचे बाबा होते ते. नेहमी दुसऱ्या रांगेत असायचे, आज जरा पुढे येऊन बसले."

अल्चीदे त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. तरुणपणी तो त्याच कारखान्यात अन्सेल्मोच्या शेजारी मीठ चोळायचा. त्याने हळूच टोपी काढली.

"तरीच," तो म्हणाला. "अन्सेल्मोला हळू श्वास घेणं कधी जमलंच नाही."