सहा दिवस, तीन तास

हिरवा दिवा तीस सेकंदांत अठ्ठेचाळीस वेळा लुकलुकला. संपदाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस. एवढा फरक चालण्यासारखा होता.

तिच्या घरचा राउटर हिल्डा आंटींच्या जेवणाच्या टेबलावर, येशूच्या तसबिरीखालच्या विजेच्या मेणबत्तीशेजारी ठेवलेला होता. आंटी समोरच्या फ्लॅटमध्ये राहत, आणि मजल्यावर इन्व्हर्टर फक्त त्यांच्याकडे होता. बोळिंजमध्ये त्या वर्षी लोडशेडिंगचं वेळापत्रक कुणी मनावर घेत नसे, आणि हे काम चालू असताना वीज जाऊन चालणार नव्हतं.

"मध्येच गेली तर काय होईल?" आंटींनी विचारलं.

"हा डबा कायमचा मुका होईल."

"आमच्या मुलासारखा, प्लासिडसारखा. लग्न झाल्यापासून तोंड उघडत नाही." आंटींनी चष्मा वर सरकवून दिव्याकडे पाहिलं. "पण तू करतेयस काय नेमकं?"

"कंपनीने आत घातलेलं सॉफ्टवेअर काढून त्या जागी दुसरं घालतेय. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय, कुणीही उघडून वाचू शकतं. आत काय चाललंय ते दिसतं तरी."

"मग तुमचं बोलणं तुटायचं बंद होईल?"

"व्हायला हवं."

दिवा स्थिर झाला. संपदाने लॅपटॉपवर नवं पान उघडलं. वर एका ओळीत लिहिलेलं होतं: किती वेळ अखंड चालू. शून्य दिवस, शून्य तास, एक मिनिट.

तिचा नवरा जितेश सिंगापूरला जहाजबांधणीच्या गोदीत होता. दोन वर्षांचा करार संपल्यावर त्याने आणखी दोन वर्षांचा केला होता, तो येत्या मार्चमध्ये संपणार होता. दर रविवारी तीन वाजता दोघं लॅपटॉपवर बोलत आणि बहुतेक रविवारी बोलणं मध्येच तुटे. तुटलं की संपदा लगेच उठे, राउटरचा प्लग काढे, तीस आकडे मोजून पुन्हा लावे. सगळं सुरू होईपर्यंत दहा मिनिटं जात. तेव्हा जितेशचा मेसेज येऊन पडलेला असे: पुन्हा गेलं तुझं नेट. आता निघतो, पुढच्या रविवारी बोलू.

औषधांच्या तपासणीची नोकरी करणाऱ्या संपदाने याचीही वही ठेवली होती. तारीख, कितव्या मिनिटाला तुटलं, त्या वेळी वीज होती की नव्हती.

घरी टेबलाच्या खणात तिच्या कंपनीचं पत्र होतं. नाशिकच्या नव्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून जाणार का, असं त्यांनी विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा, जितेश थांब म्हणाला म्हणून, तिने नकार कळवला. दुसऱ्यांदा मुदत मागून घेतली. आता सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तो मार्चमध्ये परत येणार असेल तर त्याने रिकाम्या घराचं कुलूप उघडावं, हे तिला पटत नव्हतं. आधी त्याला नीट विचारायचं होतं.

राउटर संपदाच्या घरी परत आला, पण त्याला वीज इन्व्हर्टरचीच मिळावी म्हणून तिने आंटींच्या प्लगमधून जिन्यातून ओढलेली लांब वायर आंटींनी आठवडाभर तशीच राहू दिली. "पाय अडकून मी पडले तर तुझ्या नवऱ्याला तारेने कळव," एवढंच त्या म्हणाल्या.

कामावरून आल्यावर, चप्पल काढायच्या आधी, संपदा ते पान उघडून पाहू लागली. एक दिवस. तीन दिवस. पाच दिवस. शुक्रवारी धूळ पुसताना फडकं प्लगला लागलं तसा तिने हात मागे घेतला.

रविवारी जितेशचा चेहरा स्वच्छ दिसला. त्याने केस बारीक कापले होते.

"जेवलीस?"

"मघाशीच. तू?"

"इथलं जेवण म्हणजे काय. तुझ्या हातची आमटी मिळाली असती तर." तो हसला. गोदीतल्या नव्या साहेबाबद्दल तो बराच वेळ बोलला. संपदाने ते सगळं ऐकून घेतलं.

"जितेश, मार्चमध्ये येतोयस ना? की पुन्हा दोन वर्षं वाढवलीस?"

चित्र नाहीसं झालं.

ती उठलीच होती. हात प्लगपर्यंत गेला होता. तिथूनच तिने पडद्यावर उघडं असलेल्या त्या पानाकडे पाहिलं. सहा दिवस, तीन तास, अकरा मिनिटं. प्लग काढला असता तर पुन्हा शून्यापासून. ती परत खुर्चीवर बसली. सेकंद पुढे सरकत होते.

मेसेजच्या चौकटीत छोटी पेन्सिल हलू लागली. जितेश काहीतरी लिहीत होता. पेन्सिल थांबली, पुन्हा हलली. मग अक्षरं आली: पुन्हा गेलं तुझं नेट. आता निघतो, पुढच्या रविवारी बोलू.

सहा दिवस, तीन तास, बारा मिनिटं. नेट गेलं असतं तर हे वाक्य तिच्यापर्यंत पोचलं नसतं.

तिने वही उघडली. दोन वर्षांचे रविवार एकाखाली एक होते. तुटलं तेव्हा बोलणं कशाबद्दल चाललं होतं, त्याचा रकाना तिने आखलाच नव्हता. तरी काही तारखांपुढचं तिला आठवत होतं. तिने वही मिटली आणि कॉलचं बटण दाबलं.

बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग जितेश दिसला.

"अरे वा, आलं का? आज लवकर आलं तुझं नेट."

"गेलंच नव्हतं."

चित्र कुठेही अडकलं नव्हतं. त्याच्या मागे पंखा फिरत होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हलत होतं. संपदाने वाट पाहिली, पूर्ण तीस आकडे.

"नाशिकला मी जातेय," ती म्हणाली. "उद्या सकाळी त्यांना हो कळवते."