चाकाखालची फळी

मारिसेलानं गाडीतल्या टेबलावर ठेवलेली गोटी घरंगळली आणि खिडकीच्या कडेला जाऊन थांबली. म्हणजे गाडी अजून डावीकडे कललेलीच... "पोरी, आणखी एक फळी दे," पापा त्या रविवारी चाकापाशी वाकून ओरडले होते, "गाडी सपाट नसली की फ्रिज रुसतो. वाळवंटात गरम बिअर प्यायचीय का तुला?" मारिसेला फळी घेऊन उभी होती, पण लक्ष रस्त्याकडे — टूसॉनमधल्या तिच्या नीटनेटक्या गल्लीत कुणाच्याच दारात पाववाल्याची जुनी गाडी उभी नसे. पापांनी ती स्वतः ठोकूनठाकून घरासारखी केलेली, आत पलंग, चूल, भिंतीवर नकाशा. बाहेर मात्र बेकरीची अक्षरं रंगाखालून अजून वाचता येत होती.

नकाशावर लाल रेघ : चिनली, मॉन्युमेंट व्हॅली, मोआब. आई गेल्यानंतरची दोघांची पहिली सहल. "मोआबपासून तू चालवायचीस. मी पाय पसरून बसणार, शेठसारखा." तेवढ्यात शेजारच्या मिसेस ब्लेकली कुत्र्याला घेऊन थांबल्या, "कोण आलंय?" आणि ती म्हणाली... किती सहज म्हणाले मी... "कामाला माणूस बोलावलाय."

पापांनी ऐकलं नसेल, असं तिनं ठरवून टाकलं. पण ते आत आले ते टोपी काढून. "बाईसाहेब, फळी बसली. गार पाणी मिळेल का?" ती हसली, तेही हसले. माफी वाटेत मागू, रस्ता एवढा लांबचा आहे... संध्याकाळी गाडी तिच्या दारात ठेवून ते कपडे आणायला बसनं नोगालेसला, आपल्या घरी गेले, आणि सकाळी उठलेच नाहीत.

आता गाडीच्या दारावर टकटक. मिसेस ब्लेकली.

"तुमचा तो माणूस गाडी न्यायला येणार आहे ना? भला वाटला हो. बस पकडायला निघाला होता तेव्हा बोललो आम्ही. म्हणाला, बाई फार चांगल्या आहेत, जेवायलाही आत बोलावतात."

म्हणजे ऐकलं होतं. आणि नुसतं ऐकलं नव्हतं — तिचं खोटं कलू नये म्हणून त्यांनी त्याखालीही एक फळी सरकवली होती, टोपी हातात धरून...

"ते माझे वडील होते."

आवाज मोठा आला असावा, कुत्रं भुंकलं. बोललं की मोकळं वाटेल अशी तिची समजूत होती. पण नुसतेच कान तापले, आणि मिसेस ब्लेकली काय म्हणताहेत ते ऐकूच येईना.

"माझे वडील," ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू, खिडकीच्या कडेला थांबलेल्या गोटीकडे बघत.