सकाळ, दुपार आणि जुने काका

आमच्या कॉलेजात व्यवस्थापनाच्या पदवीला शेवटच्या वर्षी अर्धवेळ कामाचं एक सत्र असतं. अर्धा दिवस कंपनीत राबायचं आणि अर्धा दिवस वर्गात पेंगायचं. पगार नसतो, अनुभव असतो. शेवटी कंपनीचे साहेब शेरा देतात आणि तो बरा नसला तर पदवी लटकते. प्लेसमेंट बघणाऱ्या मॅडमनी माझ्यासाठी फर्निचर कंपनीचं गोदाम नेमलं, तेव्हा हसावं की रडावं मला कळेना. त्याच गोदामाच्या डिस्पॅचमधून आदल्या वर्षी माझ्या बाबांना घरी पाठवलं होतं.

"काम कमी झालंय," असं साहेब त्यांना म्हणाले होते. "वाढलं की पहिला फोन तुम्हाला." माणूस काढताना असं काहीतरी बोलायची रीतच असते. पण बाबांनी ते वाक्य मनाशी घट्ट धरून ठेवलं. तेव्हापासून ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसायचे. मोबाइल पूर्ण चार्ज केलेला असायचा.

"घरात बसायला इस्त्री कशाला लागते?" आई करवादायची.

"अचानक बोलावलं तर?" बाबा म्हणायचे. आई मग भांड्यांवर राग काढायची.

मी कंपनी बदलून घेणार होते, पण बाबांचा चेहरा असा खुलला की माझं तोंडच बंद झालं. "अगं, उलट बरं झालं! आतली बातमी कळेल. काम वाढलं की तू मला सांगशील. फक्त कुणाची मुलगी ते बोलू नकोस. वशिल्यानं आली म्हणतील." फुकट राबायला वशिला कशाला लागतो, हे वाक्य मी गिळलं.

कुणाची मुलगी हे लपवायची वेळच आली नाही. गोदामात मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही. माझी वेळ सकाळची, म्हणून माझं नाव सकाळ. दुसऱ्या कॉलेजचा एक मुलगा जेवणानंतर यायचा, तो दुपार. आमच्या आधीही एक सकाळ आणि एक दुपार होती, त्यांच्याही आधी होती. "सत्र संपलं की तुम्ही जाणार. नावं कुठं पाठ करत बसू?" साहेब हसत म्हणाले. त्यांना तो विनोद वाटत होता.

डिस्पॅचच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची होती. खुर्चीवर पाठीला लावायची उशी होती. आमच्या जुन्या पडद्याचं कापड मी लगेच ओळखलं. बाबांची पाठ दुखायची म्हणून आईनं शिवलेली. मी तिला टेकून बसले आणि साहेबांनी समोर त्या दिवसाच्या पत्त्यांचा गठ्ठा टाकला. काम कमी? पत्ते टेबलावर मावत नव्हते. बाबा पूर्ण दिवसात करायचे तेच काम आता दोन अर्ध्या दिवसांत, दोन पोरांकडून, फुकटात होत होतं.

संध्याकाळी बाबा दारातच उभे. "काय गं, काम वाढलं का?"

खरं सांगणं म्हणजे त्या शर्टाची इस्त्री माझ्या हातानं मोडणं. "अजून तरी नाही," मी म्हणाले.

"वाढेल, वाढेल," बाबा म्हणाले आणि मलाच धीर दिला.

काम वरवर सोपं होतं. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये आणि कुठल्या क्रमानं चढवायचा ते ठरवायचं. जे घर शेवटी लागणार त्याचा माल सगळ्यात आधी, पार आत. जे पहिलं लागणार त्याचा दारापाशी. हे कुणालाही कळतं. पण आरसा उभा ठेवायचा की आडवा, अरुंद गल्लीतलं कपाट गाड्या लागायच्या आत कसं पोचवायचं, हे कॉलेजात शिकवत नाहीत. तिथं आम्हाला पुरवठा साखळीच्या रंगीत आकृत्या शिकवतात. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक काच फुटली. मग मी रोज रात्रीच्या जेवणाला बाबांना विचारू लागले आणि बाबा रंगात यायचे. ताट सरकवून काडेपेट्या ट्रकमधल्या मालासारख्या मांडायचे. "गाद्या शेवटी कोंबायच्या, म्हणजे माल हलत नाही," असं सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. आईसुद्धा हातातलं काम सोडून ऐकत बसायची. घरात कितीतरी दिवसांनी असं काही चाललं होतं आणि मला ते फार आवडत होतं.

माझं काम बिनचूक व्हायला लागलं. दुपारला मी सगळं शिकवलं, त्याचंही सुधारलं. साहेब पाठ थोपटायचे. मॅडमनी वर्गात माझं कौतुक केलं. मी हवेत होते.

मला जमिनीवर आणलं ते ट्रकच्या ड्रायव्हरनं. गोदामातला सगळ्यात जुना माणूस. चहा पिताना सहज म्हणाला, "पोरी, तू भारी आहेस हं. तुझ्या आधीच्या सकाळनं नुसता घोळ घातला होता. रोज काहीतरी फुटायचं, गिऱ्हाइकं बोंबलायची. साहेब टेकीला आले होते. म्हणाले, आता जुन्या काकांनाच परत बोलावतो, ही पोरं काही कामाची नाहीत. तेवढ्यात तू आलीस."

मी चहा तसाच खाली ठेवला. बाबांचा फोन वाजायच्या बेतात होता. तो मी थांबवला होता, आणि तोही बाबांनीच शिकवलेल्या अकलेनं. ते रोज जेवताना आपल्याच हातानं आपली खुर्ची मला देत होते. मला साहेबांचा राग आला, मॅडमचा आला, आणि हो, बाबांचाही आला. इतकं नीट शिकवायची काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात मोठ्या ट्रकचा क्रम उलटा लावला. पहिल्या घराचं कपाट पार आत आणि शेवटच्या घराचं सामान दाराशी. शेरा गेला तर गेला, पदवी लटकली तर लटकू दे. एकदा असा बोजवारा उडाला की साहेब झक मारत बाबांना बोलावतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हमालांनी भुवया उंचावल्या. "आज असंच आहे," मी म्हणाले. माझं कधी चुकत नव्हतं, म्हणून त्यांनी मुकाट्यानं माल चढवला. ट्रक गेला आणि मी कॉलेजला गेले. वर्गात कसला तरी आलेख चालला होता. मी मात्र रस्त्यावर उतरवलेली कपाटं बघत होते.

संध्याकाळी घराचं दार उघडंच होतं. "फोन आला!" बाबा ओरडले.

मी चपला न काढताच त्यांना मिठी मारली. "कधीपासून बोलावलंय?"

"बोलावलं नाही गं. आधी ऐक तर. कुणीतरी ट्रक उलटा भरला. तुझ्या त्या दुपारनंच भरला असणार, तू नाही भरायचीस. ड्रायव्हर भर रस्त्यात अडकला. साहेबांना सुचेना, मग त्यांनी मला फोन लावला, स्वतः! मी म्हटलं, माल उलटा भरलाय ना? मग रस्ता उलटा धरा. शेवटच्या घरापासून सुरू करा. गिऱ्हाइकांना वेळ बदलल्याचं मीच कळवतो. इथं बसून सगळ्यांना फोन केले. एक ओरखडा नाही आला मालाला!" ते लहान मुलासारखे हसत होते. "पहिला फोन मला करतो म्हणाले होते. केला की नाही?"

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. ट्रक कुणी भरला ते तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोलणी खायच्या तयारीनं गेले, तर साहेब खुशीत. "चुकतं माणूस. पण काल जुन्या काकांनी काय वाचवलं! मला हे आधी कसं सुचलं नाही? माणूस घरी बसलाय, रिकामा आहे, विचारलं की सांगतो." त्यांनी बाबांचा नंबर मोठ्या आकड्यांत छापून टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवला होता. वर लिहिलं होतं: अडलं तर जुने काका.

"ते माझे बाबा आहेत," मी म्हणाले. आवाज चढला होता. "तुम्ही त्यांना म्हणालात काम वाढलं की बोलावू. काम कधी कमी झालं होतं?"

साहेबांनी भिंतीवरच्या नंबराकडे पाहिलं. मला वाटलं, लाज वाटली असेल. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे घरचंच काम झालं की! तरीच तू इतकी तरबेज." सत्र संपायच्या आतच त्यांनी मला 'उत्कृष्ट' असा शेरा लिहून टाकला. कॉलेजात मॅडम तर भलत्याच खूश. माझ्या कामावर समाधानी होऊन कंपनीनं आमच्या कॉलेजला आणखी जागा दिल्या होत्या. आता हिशेब विभागालाही सकाळ आणि दुपार मिळणार होती. तिथं आज कोण बसतं, हे मी विचारलं. मॅडमना माहीत नव्हतं.

त्या रात्री मी बाबांना सगळं सांगितलं. काम कमी झालंच नव्हतं हे सांगितलं, ट्रक मी उलटा भरला हेही सांगितलं. बाबा बराच वेळ काडेपेटीशी चाळा करत राहिले.

"मग तर बोलावतीलच," ते म्हणाले. "एवढं काम पोरांच्यानं किती दिवस निभणार?"

"निभेल, बाबा! तुम्ही सांगताय तोवर निभेल. एकदा चुकीचं सांगा ना. एकदाच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चोरी करायला सांगितली होती. "आणि कुणाच्या घरचा आरसा फुटला तर?"

माझं सत्र संपलं. आता गोदामात नवी सकाळ आहे. बाबा अजून इस्त्रीचा शर्ट घालतात आणि आता आई त्यावर बोलत नाही. काल जेवताना फोन वाजला. बाबा अर्ध्या ताटावरून उठले, हात पुसून खिडकीशी गेले आणि त्या मुलीला आरसा कसा उभा करायचा ते सावकाश, न कंटाळता समजावत राहिले. ताट गार झालं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे बघ, साहेबांना सांग, मी विचारलंय म्हणून. म्हणावं, कधीही बोलवा, तयार आहे."

कोण विचारतंय म्हणून सांगू, असं तिनं विचारलं असणार. कारण बाबा जरा थांबले, आणि आपलं नाव न सांगता म्हणाले, "जुने काका म्हण. तेवढ्यानं कळेल त्यांना."