एक टोमणा द्या, काका

ज्ञानदेवकाकांच्या स्टेशनरीच्या दुकानात ज्याचा अपमान झाला नाही, असा माणूस कर्वेनगरात शोधून सापडायचा नाही. "चांगलं पेन दाखवा" म्हणावं, तर काका चष्म्यावरून बघणार, "वाईट पेनं आम्ही ठेवत नाही, दाखवू कुठून?" आयेशानं एकदा वहीचा दुसरा रंग मागितला, तर म्हणाले, "वही लिहायला घेतेस की नेसायला?" आयेशा आठवडाभर चिडली होती आणि आठवडाभर तेच सगळ्यांना रंगवून सांगत होती. काकांचा टोमणा खाल्ला की माणूस खरा कर्वेनगरचा झाला.

अख्ख्या वस्तीत एकटी आम्रपाली तेवढी कोरडी राहिली होती.

आम्रपाली नववीत, आयेशाच्याच वर्गात; आयेशाच्या बाकाला लागून तिची व्हीलचेअर. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. डोकं गणितापासून गॉसिपपर्यंत एकदम तेज, पण हात एकीकडे जायचे, मान दुसरीकडे, आणि तोंडातून शब्दांऐवजी नुसते आवाज यायचे. ते आवाज आईला कळायचे, आयेशाला कळायचे. काकांना काही कळायचे नाहीत. तिला बघितलं की त्यांच्या चेहऱ्यावर साखर पसरायची. "तिला काय पाहिजे गं?" असं आयेशाला विचारायचे, मग आम्रपालीच्या डोक्यावरून हात फिरवायचे, "गुणाची गं पोर," आणि स्ट्रॉबेरीच्या वासाचा एक खोडरबर तिच्या मांडीवर ठेवायचे. फुकट! जिला पेन्सिल धरता येत नाही, तिला खोडरबर! असे सात साठले होते. प्रत्येक वेळी आम्रपालीला वाटायचं, देवा, या माणसानं एकदा तरी माझ्यावर खेकसावं.

मग दिवाळीनंतर तिच्या आयुष्यात टोपी आली.

इंजिनीअरिंग कॉलेजात अपूर्वाताई मेंदूच्या लहरींवर संशोधन करायची. तिच्या प्रयोगशाळेत भोकंभोकं असलेली, तारा लोंबणारी एक टोपी होती. केसांत गारेगार जेल भरायचं, टोपी घालायची आणि समोरच्या स्क्रीनवर लुकलुकणारी अक्षरं बघत बसायचं. हवं ते अक्षर लुकलुकलं की मेंदू आतल्या आत "हेच!" म्हणतो आणि टोपी ते पकडते. एक एक अक्षर जुळवायचं, मग यंत्र वाक्य मोठ्यानं वाचून दाखवणार. बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात! एकच अडचण होती. हसू आलं की मानेचे, जबड्याचे स्नायू ताणले जायचे आणि स्क्रीनवरच्या लहरींच्या रेषांत नुसता भूकंप. तिच्या पहिल्यावहिल्या वाक्याच्या वेळी आई डोळ्यांत पाणी आणून वाट बघत होती. तीन मिनिटांनी बातम्यांची बाई म्हणाली, "आयेशा, गप्प बस." आई एवढी हसली, एवढी हसली, की तिलाच बाहेर काढावं लागलं.

जानेवारीत अपूर्वाताई म्हणाली, "आता टोपी बाहेर, गर्दीत चालते का ते बघायचंय. कुठे जाऊ या? बाग? तुझं घर?"

आम्रपालीनं जुळवलं, "काकांचं दुकान."

"आम्रे, वेडी आहेस का!" आयेशा किंचाळली. आणि तिला लगेच कळलंच. "अगं बाई, तुला टोमणा पाहिजे!"

शनिवारी संध्याकाळी दुकान गच्च भरलेलं. व्हीलचेअरच्या फळीवर लॅपटॉप, डोक्यावर टोपी, मागे अपूर्वाताई. काका साखरेत बुडाले. "आयेशा, हे काय घातलंय हिला? दुखत नाही ना?"

"तिलाच विचारा की काका," आयेशा म्हणाली आणि जीभ आवरून उभी राहिली. गप्प राहणं तिला किती जड जातं, ते आम्रपालीला ठाऊक होतं.

अक्षरं लुकलुकायला लागली. रस्त्यावर हॉर्न, कोणाचं तरी झेरॉक्स मशीनवर ओणवं होऊन "साईज मोठी करा" चाललेलं. आम्रपालीचं लक्ष क्षणभर हललं, आणि यंत्र आपोआप सुचवतं त्या तयार वाक्यांतलं एक निवडलं गेलं.

"धन्यवाद," बाई गोड आवाजात म्हणाली.

"अरे वा! किती संस्कारी पोर!" काका विरघळलेच. आणि ठेवला. आठवा खोडरबर!

आम्रपालीच्या अंगातून रागाची लाट गेली आणि स्क्रीनवर भूकंप झाला. अपूर्वाताई हळूच म्हणाली, "दम खा. श्वास सोड. घाई नाही."

"घाई कशी नाही?" मागचे एक गृहस्थ म्हणाले. "मला दोन फुलस्केप कागद हवेत."

"अहो थांबा हो," काका म्हणाले, "बिचारी आहे."

बिचारी! त्या एका शब्दानं आम्रपालीचं मन असं टोकदार झालं, की टोपी अक्षरं पटापट पकडायला लागली. सा. त. दोन अक्षरांत शब्द, मग पुढचा. काका वाकून स्क्रीनकडे बघत होते, आयेशा नखं खात होती. चार मिनिटं झाली. पाच झाली. मग बाई बोलली, अगदी बातम्यांच्या थाटात:

"सात खोडरबर दिलेत. हा आठवा. काका, पेन्सिल कधी देणार?"

झेरॉक्स मशीनसुद्धा थांबलं.

आम्रपाली काकांच्या हाताकडे बघत राहिली. आता हे "ओ हो, किती हुशार" म्हणाले, डोक्यावर हात फिरवला, की संपलंच सगळं. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. आणि पहिल्यांदाच, आयेशाकडे नाही, तिच्याकडे बघितलं.

"एवढा वेळ लावून एवढंच विचारलंस?" ते म्हणाले. "तेवढ्यात कारखान्यात पेन्सिल तयार होऊन आली असती. आणि आण तो खोडरबर इकडे. लोकांना वाटेल, मी धर्मादाय काढलाय."

त्यांनी खरंच खोडरबर उचलून बरणीत टाकला!

"काका!" अपूर्वाताई दचकली. पण आम्रपाली खिदळत होती. मान मागे टाकून, दोन्ही हात हवेत उडवत, सगळ्या अंगानं. आयेशा तिच्या खुर्चीभोवती नाचत होती, "मिळाला! आम्रे, मिळाला!" स्क्रीनवर भूकंपावर भूकंप, आणि बातम्यांची बाई गंभीरपणे वाचत होती, "ठ. ठ. झ. ण. ठ."

"ही काय भाषा?" काका म्हणाले. "बोर्डाच्या पेपरात असंच लिहिणारेस का?"

दुसरा! एकावर एक!

हसता हसता आम्रपालीला उचकी लागली. मग हळूहळू श्वास जागेवर आला, रेषा शांत झाल्या. उत्तर द्यायचं होतं. उत्तर तिच्या डोक्यात तयार होतं, आणि भारी होतं.

"काका, कागद," मागच्या गृहस्थांनी पुन्हा सुरुवात केली.

काकांनी दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवली, हनुवटी हातावर ठेवली. "थांबा हो. तिचं बोलून व्हायचंय."

"आणि आम्ही?"

"तुम्ही रोजच बोलता."

अक्षरं लुकलुकायला लागली.