जबल अलीच्या थंड खोलीतले कंद

१९९७च्या ऑगस्टमध्ये जगन्नाथ वाघधरे ऑफिसातून फुलांच्या कंदांचा एक जाडजूड कॅटलॉग घेऊन दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटवर आला आणि तो त्याने जेवणाच्या टेबलावर टाकला. त्याच्या बायकोने, सविताने, कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि तो उघडला.

जगन्नाथ मूळचा दापोलीचा, कृषी पदविका झालेला. दुबईत शौकतभाईंच्या बागकामाच्या कंपनीत नऊ वर्षं सुपरवायझर होता. शौकतभाई श्रीवर्धनचे, मराठी माणसाशी मराठीतच बोलायचे. कंपनीचं काम ठरलेलं: रस्त्याकडेची पेटुनिया, व्हिलांची लॉन्स, खजुरांची छाटणी. त्या वर्षी मात्र एका नव्या हॉटेलने त्यांच्या आवारातल्या चौकासाठी ट्युलिप मागितले होते. अट एकच, एक जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत चौक एक दिवसही रिकामा दिसता कामा नये.

जगन्नाथने रंग बघून सहा जातींवर खुणा केल्या होत्या. सविताने पानं उलटली, चित्रांखालचा बारीक मजकूर वाचला.

"अहो, ह्यातल्या पाच एकाच आठवड्यात फुलतात. आठ-दहा दिवस मजा, मग खलास."

"मग काय करायचं?"

लग्नाआधी ती चिपळूणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती. दुबईत आल्यापासून घर आणि मुलीची, स्वानंदीची, शाळा, एवढंच. तिने स्वानंदीच्या वहीतलं आलेखाचं पान घेतलं आणि चार दिवस त्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या. लवकर फुलणारा गुलाबी 'ख्रिसमस मार्व्हल' आधी, त्यामागून मधल्या हंगामाचा लाल 'एपेलडोर्न', आणखी दोन जाती त्यांच्या अधेमधे. पण नुसत्या जाती बदलून अडीच महिने निघत नव्हते. म्हणून तिने ठरवलं, कंद पाच अंशांच्या थंड खोलीत ठेवायचे आणि दर पंधरा दिवसांनी एकेक टप्पा बाहेर काढून लावायचा. असे पाच टप्पे.

जगन्नाथने ते पान स्वच्छ टाईप करून शौकतभाईंपुढे ठेवलं. कुणी केलं ते सांगितलं नाही. विचारलंही नव्हतं कुणी.

"काळा ट्युलिप का नाही घेतला?" शौकतभाईंनी विचारलं. "हॉटेलवाल्यांना तो 'क्वीन ऑफ नाइट' आवडलाय."

"घरी कागद आहेत, बघून सांगतो," असं म्हणून जगन्नाथने तिथल्याच फोनवरून घरी फोन लावला. सविता जरा मोठ्यानेच बोलते. "तो फार उशिरा फुलतो हो. आपल्याकडे मार्चच्या उन्हात कळी उघडायच्या आधीच करपेल," हे शौकतभाईंना टेबलापलीकडे स्वच्छ ऐकू आलं.

ते हसले. "जगन्नाथ, हे वहिनींचं काम आहे होय! दे, मला दे फोन."

त्या दिवसापासून फोन थेट सविताला येऊ लागले. घरी आल्यावर जगन्नाथला कळायचं, की आज अमुक ठरलं. हॉटेलच्या मीटिंगला सविताला बोलावणं आलं. तिने ठेवणीतली कॉटनची साडी नेसली, आलेखाचं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. हॉटेलचा बागप्रमुख तिच्याशीच बोलत होता. निघताना त्याने जगन्नाथकडे बघून म्हटलं, "कार पुढे घेऊन येता का? मॅडम इथेच थांबतील." जगन्नाथ गाडी घेऊन आला. परतताना सिग्नलला सविता काहीतरी सांगत होती, हसत होती, आणि त्याला वाटत होतं, ही इतकी वर्षं हसलीच नव्हती की काय माझ्याबरोबर?

नोव्हेंबर अखेरीस पहिला टप्पा जमिनीत गेला. एक जानेवारीला चौक गुलाबी झाला. लोक फोटो काढायला येऊ लागले. शौकतभाई मिठाईचा डबा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, आता नोकरीच घ्या माझ्याकडे. तुम्ही नवऱ्याच्या व्हिसावर आहात, तेव्हा त्याचं ना-हरकत पत्र तेवढं लागेल. जगन्नाथ, उद्या सही करून दे."

"इन्शाल्ला," जगन्नाथ म्हणाला.

स्वानंदी म्हणाली, "Mamma will be your boss, Baba!" सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवशी सहीसाठी आलेलं पत्र त्याने तसंच ड्रॉवरमध्ये ठेवलं. सविताने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघतो, घाई काय आहे?"

कंद ठेवलेली खोली जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात भाड्याने घेतलेली होती, आणि तिथे ये-जा जगन्नाथच करायचा. सप्टेंबरमध्येच हॉलंडच्या कंपनीचा फॅक्स जगन्नाथच्या टेबलावर आला होता. त्यात एक ओळ ठळक होती: कंदांच्या खोलीत फळं ठेवू नका, विशेषतः सफरचंदं, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने कंदातली कळी मरते. जगन्नाथने ती वाचली आणि फॅक्स फायलीत लावला. सविताला सांगायचं राहून गेलं. तेव्हा खरंच राहून गेलं होतं.

सविता शौकतभाईंनी आणलेली मिठाई मैत्रिणींना वाटत होती त्याच आठवड्यात गोदामाचा रखवालदार केरू जगन्नाथला म्हणाला, "साहेब, मालकाची सफरचंदं आलीत, जागा नाही. तुमच्या खोलीत तीन आठवडे लावू का?"

खोलीत तेव्हा चौथ्या आणि पाचव्या टप्प्याचे कंद होते.

जगन्नाथला ती ठळक ओळ लख्ख आठवली. फक्त 'नको' म्हणायचं होतं. तो म्हणाला, "लाव."

गाडीत बसल्यावर त्याने स्वतःला समजावलं की एवढ्याने काही होत नसतं, परदेशी कंपन्या उगाच घाबरवतात.

पहिले तीन टप्पे ठरल्याप्रमाणे फुलून गेले. चौथ्याला नुसती पानं आली. सविता रोज हॉटेलवर जाऊन वाकून बघायची. मधल्या देठावर कळीच्या जागी कागदासारखं वाळलेलं टोक होतं. पाचव्याचंही तेच. फेब्रुवारीच्या शेवटी, पर्यटकांच्या भर गर्दीत, चौक नुसता हिरवा होता. बागप्रमुखाने शौकतभाईंना सुनावलं आणि पुढच्या वर्षाचं बोलणं थांबवलं.

सविताने एक रोप घरी आणून त्याचा देठ सुरीने उभा चिरला. टोकाशी आत काळी पडलेली कळी होती. ती कितीतरी वेळ ते बघत बसली. मग म्हणाली, "माझंच चुकलं. जात निवडताना काहीतरी चुकलं. शौकतभाईंना सांगा, मला नको ती नोकरी."

जगन्नाथला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पुढचे आठ दिवस तिने टीव्ही लावला नाही, कुणाचा फोन घेतला नाही. आलेखाचं पान फाडून टाकलं. तिला असं बघून त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, खोल कुठेतरी अजूनही थोडं बरं वाटत होतं. त्याची त्यालाच किळस आली.

शुक्रवारी सकाळी ती पोहे परतत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. फॅक्स, केरू, सफरचंदं.

सविताने गॅस बंद केला. "किती दिवस होती सफरचंदं?"

"तीन आठवडे."

"दार बंद?"

"हो."

"म्हणजे जाती बरोबर होत्या," ती म्हणाली. पहिल्यांदा तिने एवढंच म्हटलं. मग वळून त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं. आणि रोज मी तिथे जाऊन वाकून बघत होते, तेव्हा गाडी तुम्हीच चालवत होतात."



"ते पत्र आणा. सही करा. आणि शौकतभाईंना हे तुम्ही सांगायचं, मी नाही."

त्याने दोन्ही केलं. शौकतभाईंनी त्याला काढलं नाही, पण दुबईच्या कामांवरून हलवून शेजारच्या अजमानमधल्या नर्सरीत पाठवलं. फॅक्सची प्रत घेऊन ते स्वतः हॉटेलात गेले, चूक आमच्याकडच्या साठवणीची होती असं सांगून आले, आणि कसंबसं पुढच्या हंगामाचं काम परत मिळवलं. सविता सप्टेंबरपासून रुजू झाली. थंड खोलीची किल्ली तिच्याकडेच असायची. १९९९च्या त्या वसंतात चौक एकदाही रिकामा दिसला नाही.

घर मोडलं नाही. ती त्याच्या आवडीची आमटी करायची, स्वानंदीच्या शाळेच्या सभेला दोघं बरोबर जायची. फक्त घरी फुलांबद्दल बोलणं तिने बंद केलं. आज काय लावलं, कुठली जात आधी फुलली, काही नाही. नवीन कॅटलॉग आला तर ती तो ऑफिसातच वाचायची.

जगन्नाथची असूया गेली असं त्याला कधी वाटलं नाही. कुणी कौतुकाने "मॅडम" म्हटलं की आत काहीतरी चावायचंच. पण तिच्यापेक्षा जास्त आता त्याला त्या माणसांचा हेवा वाटायचा, ज्यांच्याशी ती ट्युलिपबद्दल बोलायची. २००१च्या फेब्रुवारीत एकदा तो अजमानहून लवकर सुटला आणि तिला घ्यायला हॉटेलवर गेला. चौकात ती दोन माळ्यांना काहीतरी समजावत होती, हात हलवून, मोठ्या आवाजात. तो खांबाजवळ थांबला आणि तिचं बोलणं ऐकत राहिला. तो दिसताच ती बोलायची थांबली, पर्स उचलली आणि म्हणाली, "चला."